तारापूरचे इंधन आणि कराराची भाषा

‘इंधन’ हा शब्द संस्कृतातील ‘इन्ध्’, म्हणजे पेटणे किंवा पेटविणे, या धातूपासून आला आहे. मराठीच्या बोलींत त्याची जागा जळण, सरपण, फाटी अशा घरगुती शब्दांनी घेतली, आणि ‘इंधन’ हा शब्द ग्रंथांपुरता उरला. विसाव्या शतकात तो पुन्हा व्यवहारात उतरला तो निराळा अर्थ घेऊन. सरपण रानातून आणावे, वाळवावे आणि चुलीत घालावे. त्यात दुसऱ्या कोणाची परवानगी लागलीच तर ती जंगलखात्याची. परंतु आगबोटीचे, मोटारीचे, विमानाचे आणि पुढे अणुभट्टीचे जे इंधन, ते बहुधा परक्याच्या घरून यावयाचे असते. आणि परक्याच्या घरून येणाऱ्या वस्तूबरोबर कागद येतो, कागदाबरोबर शब्द येतात आणि शब्दांबरोबर त्यांच्या अर्थाविषयीचे वाद येतात. ठाणे जिल्ह्यातील (१ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यातील) तारापूर येथील अणुवीज केंद्राचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर तो अभियांत्रिकीइतकाच वाक्यार्थाचाही इतिहास आहे असे दिसून येईल. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयाला हात घालण्याचे समर्थन एवढेच.

विषयाला पूर्वपीठिका आहे ती खनिज तेलाची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपालाचे विमान आणले, तेव्हा वाटेत अहमदाबादेस बर्मा-शेल कंपनीचे पेट्रोल डब्यांतून बैलगाडीवर विमानापाशी आले. बैल आपले होते, गाडी आपली होती, पेट्रोल मात्र आपले नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९५४ व १९५५ मध्ये तुर्भ्याला म्हणजे ट्रॉम्बेला दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, पण तेही विदेशी कंपन्यांच्या मालकीचे. १९६० मध्ये भारत सरकारला सोव्हिएत संघाकडून स्वस्त कच्चे तेल मिळण्याचा योग आला, तेव्हा या कंपन्यांनी ते शुद्ध करण्यास साफ नकार दिला. कारखाना आपल्या भूमीवर असला म्हणजे त्यात काय शिजवावयाचे हे आपण ठरवू शकतो, हा समज त्या वर्षी दूर झाला. या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होण्यास मात्र १९७४ ते १९७६ हा काळ उजाडावा लागला, आणि तोही १९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाची किंमत काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाल्यानंतर.

अणुशक्ती हा या परावलंबनावरील उतारा ठरेल, अशी १९५०-६० च्या दशकातील धुरीणांची श्रद्धा होती. डॉ. होमी भाभा यांची मूळ योजना स्पष्ट होती: पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी, दुसऱ्यात त्यातून निघणारे प्लुटोनियम, तिसऱ्यात केरळच्या किनाऱ्यावर विपुल असलेले थोरियम. या योजनेत कोठेही परदेशी समृद्ध युरेनियमला स्थान नव्हते. असे असता भारताचे पहिले अणुवीज केंद्र नेमके समृद्ध युरेनियमवर चालणारे का झाले, हा प्रश्न अभ्यासकांना पडतो आणि तो पडावयासच हवा.

त्याचे उत्तर काहीसे भूगोलात आणि पुष्कळसे अर्थकारणात आहे. पश्चिम भारताचा औद्योगिक पट्टा कोळशाच्या खाणींपासून फार दूर. बिहार-मध्य प्रदेशातून रेल्वेने कोळसा आणावयाचा तर वाहतुकीचाच खर्च भारी. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली. त्या दोहोंनाही वीज पुरवू शकेल असे स्थळ हवे होते. मुंबईच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर, पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस, खडकाळ किनारा आणि थंडाव्यासाठी वाटेल तेवढे समुद्राचे पाणी होते. (केंद्राला नाव मिळाले ते तारापूरचे, १७३९ च्या मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतलेल्या किल्ल्याच्या गावाचे, प्रत्यक्ष जागा मात्र तारापूर गावठाणात नाही.) निविदा आल्या, त्यांत अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांची निविदा स्वस्त ठरली. शिवाय अमेरिकेने सुमारे ८ कोटी डॉलरचे कर्ज पाऊण टक्का व्याजाने आणि चाळीस वर्षांच्या परतफेडीने देऊ केले. अणुवीज व्यवहारात परवडते हे लवकर सिद्ध करून दाखविणे भाभांना अगत्याचे वाटत होते. अशा अटींवर मिळणारी वस्तू नाकारणे कोणत्याही गरीब देशाला कठीण गेले असते. भाभांना दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तरीही स्वस्त भट्टीबरोबर महाग परावलंबन आले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे दोन्ही सरकारांमध्ये करार झाला. मुदत तीस वर्षांची. ८ मे १९६४ रोजी जनरल इलेक्ट्रिकशी, बांधकाम पुरे करून चावी हाती देण्याचा, करार झाला. १७ मे १९६६ रोजी इंधनविक्रीचा स्वतंत्र करार अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाशी झाला. हा शेवटचा करार होण्यापूर्वीच, २४ जानेवारी १९६६ रोजी, भाभा विमान अपघातात निवर्तले होते. १९६९ च्या फेब्रुवारीत दोन्ही भट्ट्यांत शृंखलाक्रिया सुरू झाली आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. प्रत्येकीची मूळ क्षमता २१० मेगावॉट. दुय्यम बाष्पजनकांतील दोषांमुळे पुढे ती १६० वर आणावी लागली.

येथे इंधनाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये सहज भंग पावणारे २३५ हे समस्थानिक अवघे ०.७ टक्के असते. तारापूरच्या भट्ट्यांना ते दोन ते तीन टक्क्यांच्या दरम्यान लागते, आणि ही वाढ करणारे कारखाने त्या काळी जगात मोजके होते. या वाढीव मालाला मराठीत कोणी ‘समृद्ध’ म्हणतात, कोणी ‘संपृक्त’. दुसरा शब्द वृत्तपत्रांतून रूढ झाला असला तरी तो चुकीचा आहे: संपृक्त म्हणजे ज्यात आणखी काही मावत नाही असे, आणि येथे तर शंभरातले सत्त्याण्णव भाग अजून साध्या युरेनियमचेच असतात. असो. वायुरूप होऊ शकणाऱ्या संयुगाच्या स्वरूपात हा माल अमेरिकेहून येई, हैदराबादच्या अणुइंधन संकुलात त्याच्या गोळ्या व नळ्या तयार होत, आणि नळ्यांच्या जुड्या तारापूरला जात. प्रत्येक भट्टीत अशा २८४ जुड्या असतात. विमानाची टाकी रिकामी झाली की विमान त्याच दिवशी जमिनीवर राहते. अणुभट्टीचे तसे नाही. तिच्यातील जुड्यांचा एक भाग दीड-एक वर्षाने बदलावयाचा असतो, आणि नव्या जुड्या आल्या नाहीत तर भट्टी एकदम बंद न पडता कमी शक्तीवर रेंगाळत चालविता येते. म्हणून तारापूरचा तुटवडा अंधाराच्या रूपाने अकस्मात आला नाही. वर्षानुवर्षे साठ्याच्या आकड्यांकडे पाहत, उत्पादन आवरते घेत काढलेला तो काळ होता.

आता कराराच्या भाषेकडे वळू. १९६३ च्या कराराचा गाभा दुहेरी बांधिलकीचा होता. तारापूरला लागेल तेवढे समृद्ध युरेनियम अमेरिकेने विकावयाचे, आणि अमेरिकेने पुरविलेल्या (व त्यापासून निर्माण झालेल्या) द्रव्याखेरीज दुसरे कोणतेही तसे द्रव्य भारताने तेथे वापरावयाचे नाही. विवाहाच्या मंत्रांत शोभावी अशी ही एकनिष्ठा होय. तिचा अर्थ उघड होता: विक्रेत्याने पुरवठा थांबविला तर ग्राहकाने दुसऱ्या दुकानी जावे की नाही? भारताचे म्हणणे असे की, एका पक्षाने वचन मोडले की दुसरा पक्षही आपल्या वचनातून मुक्त होतो. अमेरिकेला हे मान्य नव्हते.

दुसरे कलम याहून नाजूक होते. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्यासाठी त्यावर पुनःप्रक्रिया करता येते. ती भारतात करावयाची झाल्यास, तेथे देखरेखीची व्यवस्था परिणामकारकपणे लागू करता येईल असे दोन्ही पक्षांचे संयुक्त ‘डिटर्मिनेशन’ व्हावे, असे करारात म्हटले होते. या एका शब्दावर दोन देशांनी वीस वर्षे वाद घातला. त्याचे मराठी भाषांतर करू जाता अडचण चटकन कळते. ‘निर्धारण’ म्हणावे तर एखादी वस्तुस्थिती तपासून निश्चित करणे एवढाच बोध होतो; वजन किती, तापमान किती, देखरेख शक्य आहे की नाही. भारताचा अर्थ हाच होता: प्रश्न तांत्रिक आहे, तारापूरलाच पुनःप्रक्रियेचा कारखाना आम्ही बांधला आहे, आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेचे निरीक्षक तेथे येऊ शकतात, मग अडते कोठे? ‘निर्णय’ म्हणावे तर त्यात इच्छेचा भाग येतो. निर्णय देणारा नकारही देऊ शकतो. अमेरिकेने हा दुसरा अर्थ व्यवहारात धरला व संमती कधीच दिली नाही. इंग्रजीत एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. मसुदा करणाऱ्यांनी हे हेतुपुरस्सर केले असे म्हणण्यास आधार नाही. तथापि संदिग्ध शब्द हा नेहमी बलवानाच्या बाजूने वाचला जातो, असे माझे मत झाले आहे.

१८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने अणुस्फोट केला. त्यासाठी वापरलेले प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. ते तुर्भ्याच्या ‘सायरस’ या संशोधन-भट्टीत निर्माण झाले होते. भारताने या स्फोटाला ‘शांततामय’ म्हटले. त्या वेळचा वाद पुन्हा एका विशेषणाचा होता. भारताच्या मते ते विशेषण हेतूला लागत होते. अमेरिका व कॅनडा यांच्या मते स्फोटक वस्तू ही स्फोटकच, तिला हेतूचे विशेषण लावून भागत नाही. कॅनडाने राजस्थानातील प्रकल्पाचे सहकार्य थांबविले. पण तेथील भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या होत्या, त्यामुळे भारतीय अभियंत्यांनी दुसरी भट्टी, विलंबाने का होईना, स्वबळावर पुरी केली. तारापूरला तो मार्ग नव्हता. सप्टेंबर १९७४ मध्ये भारताने अमेरिकेला लेखी कळविले की, तारापूरला मिळालेले व तेथे निर्माण होणारे द्रव्य, उभय सरकारांनी वेगळे ठरविल्याखेरीज, केवळ त्या केंद्राच्याच गरजांसाठी राखले जाईल. ‘गरज’ हा शब्दही बाळबोध दिसतो तितका नाही: पुनःप्रक्रियेतून निघालेले प्लुटोनियम पुन्हा तारापूरच्याच भट्टीत घालणे ही केंद्राची गरज ठरते की नाही?

यानंतरची सहा वर्षे म्हणजे परवान्यांचा इतिहास. अमेरिकेत १९७५ पासून अणुनियामक आयोग स्थापन झाला आणि प्रत्येक खेपेला त्याचा निर्यात-परवाना लागू लागला. जुलै १९७६ मध्ये त्याने तारापूरच्या अर्जावर जाहीर सुनावणी घेतली. हरकती घेणाऱ्यांत अमेरिकेतील पर्यावरणवादी संस्था होत्या. जानेवारी १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर दिल्लीस आले, संसदेत त्यांनी इंधनाची एक खेप देण्याचे जाहीर केले, आणि त्याच भेटीत, ध्वनिक्षेपक चालू आहे याची कल्पना नसताना, परत गेल्यावर मोरारजी देसाईंना एक थंड व परखड पत्र पाठवावे असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाल्याचे पत्रकारांनी ऐकले. मार्च १९७८ मध्ये अमेरिकेत अण्वस्त्रप्रसारबंदीचा नवा कायदा झाला. ज्या देशाच्या सर्वच अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय देखरेख नाही, त्याला इंधन द्यावयाचे नाही, हे त्याचे सूत्र; जुन्या ग्राहकांना दोन वर्षांची सवलत होती. म्हणजे १९६३ चा करार तसाच राहिला आणि त्याच्या एका पक्षाने आपल्या घरचा कायदा बदलून कराराला नवी अट जोडली. आंतरराष्ट्रीय करार श्रेष्ठ की देशांतर्गत कायदा, हा प्रश्न बोईसरच्या पश्चिमेस असलेल्या एका केंद्राच्या निमित्ताने वॉशिंग्टनच्या सभागृहांत लढला गेला.

एप्रिल १९७८ मध्ये नियामक आयोगात मते दोन विरुद्ध दोन पडली; कार्टर यांनी आपल्या अधिकारात सुमारे साडेसात टनांची खेप सोडली. १९७९ मध्ये आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी आणखी एक खेप मंजूर केली. १६ मे १९८० रोजी मात्र आयोगाने उरलेले दोन अर्ज एकमताने फेटाळले. त्यांतील माल सुमारे ३८ टनांचा होता. दरम्यान अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्य शिरले होते आणि भारताला दुखविणे अमेरिकेला परवडणारे नव्हते. कार्टर यांनी जूनमध्ये आयोगाचा निर्णय बाजूला सारला. त्यांचा हुकूम रद्द करण्याचा ठराव प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ असा प्रचंड बहुमताने संमत केला. सिनेटनेही तोच पवित्रा घेतला असता तर पुरवठा तेथेच संपला असता. २४ सप्टेंबर १९८० रोजी सिनेटमध्ये ठराव ४६ विरुद्ध ४८ मतांनी पडला. महाराष्ट्र व गुजरात यांच्या विजेचा एक हिस्सा त्या दिवशी दोन परकीय मतांवर टांगलेला होता. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकी गव्हाच्या जहाजांची वाट पाहणाऱ्या पिढीला हा अनुभव अपरिचित नव्हता.

पुढे खेपा अडल्या आणि उभयपक्षी काडीमोडाची भाषा सुरू झाली. जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी व राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या भेटीत तोड निघाली ती अशी: १९६३ चा करार कायम ठेवावा आणि त्याच्या चौकटीत अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावे. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रान्सशी व्यवस्था ठरली. ज्या करारात दुसऱ्या दुकानी जाण्यास बंदी होती, त्याच करारात विक्रेत्यानेच दुसरे दुकान दाखविले. ‘निर्धारण’ की ‘निर्णय’ हा वाद मात्र कोणी सोडविला नाही. तो तसाच गुंडाळून ठेवण्यात आला, आणि वापरलेल्या जुड्या तारापूरच्या पाण्याच्या हौदांत साठत राहिल्या.

ऑक्टोबर १९९३ मध्ये तीस वर्षे भरली. तोवर अणुसामग्री विकणाऱ्या देशांच्या गटाने सर्वंकष देखरेखीची अट सर्वांनाच लागू केली होती व फ्रान्सनेही हात आखडता घेतला. तारापूरवरील देखरेख भारताने स्वेच्छेने चालू ठेवली, आणि १९९५ मध्ये इंधन आले ते चीनकडून, म्हणजे ज्याच्या अणुस्फोटाने १९६४ मध्ये आपल्या धोरणाला वळण दिले त्याच शेजाऱ्याकडून. मधल्या काळात तारापूरलाच तयार केलेल्या युरेनियम-प्लुटोनियमच्या मिश्र ऑक्साइडच्या काही जुड्या भट्टीत घालून पाहण्यात आल्या. २००१ मध्ये रशियाने ५८ टन माल दिला. भट्टीच्या सुरक्षिततेसाठी तो आवश्यक आहे, या अपवादाचा आधार त्याने घेतला, आणि गटातील बहुतेक देशांनी त्यावर नाराजी दर्शविली. २००६ मध्ये रशियाने तेच पुन्हा केले.

तारापूरच्याच आवारात २००५ व २००६ मध्ये ५४० मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या सुरू झाल्या. त्या संपूर्णपणे भारतीय बनावटीच्या, नैसर्गिक युरेनियम व जड पाण्यावर चालणाऱ्या. म्हणजे भाभांच्या मूळ योजनेतल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. मासेमारीवर जगणाऱ्या माणसांना समुद्रापासून दूर नेऊन वसविण्यात आले, आणि पुनर्वसनाचे दावे न्यायालयात दीर्घकाळ चालले. ‘ऊर्जासुरक्षा’ या शब्दातील ‘सुरक्षा’ कोणाची, असे या गावांनी विचारले तर त्यांना उत्तर देणे सोपे नाही. गंमत अशी की स्वावलंबी म्हणविणाऱ्या या भट्ट्यांनाही सुरुवातीपासून तुटवड्यानेच गाठले. जदुगोडा व आसपासच्या खाणींतून निघणारे युरेनियम वाढत्या केंद्रांना पुरेना, आणि २००७ ते २००९ या काळात देशातील अणुवीज केंद्रे निम्म्याच्या आसपास क्षमतेने चालवावी लागली. परकीय आयोग नको म्हणून स्वदेशी इंधनाचा मार्ग घ्यावा, तर खाण वेळेवर उघडलेली नसते. हे दुखणे करारभंगाचे नव्हते, नियोजनाचे होते.

६ सप्टेंबर २००८ रोजी विक्रेत्या देशांच्या गटाने भारताला अटीतून सूट दिली, आणि फ्रान्स, रशिया व कझाकस्तान यांच्याशी इंधनखरेदीचे व्यवहार त्या वर्षाच्या अखेरीस व पुढील वर्षी झाले. रशियाशी झालेल्या २००९ च्या व्यवहारात तारापूरच्या जुन्या भट्ट्यांचे समृद्ध इंधनही होते. त्या भट्ट्या पुढे २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात आल्या.

१० ऑक्टोबर २००८ रोजी भारत व अमेरिका यांच्यात नवा अणुसहकार्य करार सहीशिक्कामोर्तब झाला. तारापूरचा इतिहास माहीत असणाऱ्यास त्याचे पाचवे कलम वाचताना जुनी ओळख पटते. पुरवठ्यात खंड पडल्यास तोंड देता यावे म्हणून भट्ट्यांच्या संपूर्ण आयुष्याला पुरेल असा इंधनाचा राखीव साठा करण्याच्या भारताच्या प्रयत्नाला अमेरिकेने पाठिंबा द्यावयाचा. आणि तरीही खंड पडलाच तर रशिया, फ्रान्स, ब्रिटन अशा मित्रदेशांना एकत्र बोलावून पुरवठा पूर्ववत करण्याचा मार्ग काढावयाचा. १९८० मधील सिनेटच्या त्या दोन मतांची छाया या प्रत्येक शब्दावर आहे. भारतीय पक्षाने या कलमाला ‘हमी’ मानले. परंतु करार आपल्या संसदेकडे पाठविताना राष्ट्राध्यक्ष बुश यांनी लिहिले की, ही इंधनविषयक वचने राजकीय स्वरूपाची असून करारामुळे ती कायद्याने बंधनकारक होत नाहीत. मराठीत अशा वचनाला आपण हमी न म्हणता ‘आश्वासन’ म्हणतो. तो शब्द ‘श्वस्’ धातूचा. धास्तावलेल्याला पुन्हा श्वास घेता यावा असे बोलणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे.